घाटात विझलेली ज्योत

१८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी शिवनेरीच्या पायऱ्यांवर माणूस चालत कमी आणि ढकलला जास्त जातो. सात दरवाज्यांतून वर चढणारी गर्दी आणि मशाली घेऊन खाली उतरणारी गर्दी एकमेकींना घासत असतात. एकाच रंगाचे टी-शर्ट, पाठीवर मंडळाचं नाव, त्याखाली गाव. कुणी नाशिककडचं, कुणी नगरकडचं, कुणी माळशेज उतरून मुरबाड-कल्याणला जाणारं. शिवाईच्या देवळात नाहीतर जन्मस्थानापाशी मशाल पेटवायची, घोषणा द्यायची आणि धावत सुटायचं. पायथ्याशी मंडळाचा टेम्पो उभा असतो. त्यात पाण्याचे जार, केळी, सुती चिंध्यांचं गाठोडं, डिझेलचा कॅन आणि ज्यांची पाळी अजून आलेली नाही ती पोरं. थोड्या थोड्या अंतरावर हात बदलतो. चढ लागला की त्याहून लवकर. १९ तारखेला सकाळी गावात शिवजयंती असते आणि त्याआधी ज्योत पोचवायची असते. तिथीने जयंती करणारी मंडळं फाल्गुन वद्य तृतीयेच्या आदल्या रात्री हाच सगळा खटाटोप करतात.

या दौडीत छातीवर नंबर नाही, वेळ टिपणारा नाही, पदक नाही. सिंहगडावर रविवारी घड्याळ लावून चढणाऱ्या क्लबांना ती शर्यत म्हणून हिशोबात धरता येणार नाही. दोन मंडळं रस्त्यात समोरासमोर आली की थोडी इरेसरी होते, पण तेवढंच. नियम म्हणाल तर एकच. ज्योत विझता कामा नये.

आणि ती विझते. जुन्नरहून मढ, खुबी फाटा मागे टाकून माळशेजच्या तोंडाशी आलं की कोकणातून वर चढणारा वारा कड्यावर आपटून रस्त्यावर येतो. घाटाच्या वळणावर एक झोत असा येतो की ज्वाला आडवी होते, दांड्यापासून सुटल्यासारखी दिसते आणि नाहीशी होते. टेम्पो कचकन थांबतो. कुणीतरी जाणता पोरगा पाठ वाऱ्याकडे करून मशालीवर ओणवा होतो, चिंध्यांच्या थरात कुठे लाल दिसतंय का ते बघतो. दिसलं तर फुंकर, थोडं डिझेल, आणि हायसं वाटल्याची आरोळी. नाही दिसलं, तर मग खरी पंचाईत.

“काडी ओढ ना, कोण बघतंय?”

“वरून आणलीय ना आपण? मग काडी कशी ओढायची?”

तिसरा म्हणतो, मागून दुसऱ्या मंडळाची ज्योत येतेय, तिच्यावर लावून घेऊ. चौथा टेम्पोकडे बोट दाखवतो. गडावरच्याच ज्योतीवर लावलेला एक कंदील टेम्पोत जपून ठेवलाय, ही वेळ येणार हे गेल्या वर्षी कळलं होतं म्हणून.

रात्री दोन वाजता, दमलेल्या पोरांनी, रस्त्याच्या कडेला घातलेला हा वाद पोरकट वाटू शकतो. पण त्यात चार वेगवेगळी तत्त्वज्ञानं आहेत, आणि प्रत्येकाच्या मागे मोठी परंपरा उभी आहे. आग तर आगच. काडीनं लावलेली आणि कंदिलावरून घेतलेली ज्वाला प्रयोगशाळेत नेली तर फरक सापडणार नाही. तरीही काडी ओढणाऱ्याला चोरट्यासारखं वाटतं आणि कंदिलावरून घेणाऱ्याला वाटत नाही. का?

पवित्र ठिकाणची आग ती पवित्र, हे उत्तर झटकन सुचतं आणि ते तितक्याच झटकन कोसळतं. शिवनेरीवर १६३० पासून अखंड तेवत आलेला दिवा नाही. मंडळ वर पोचतं तेव्हा एखादी समई तेवत असते, ती त्याच दिवशी कुणीतरी काडेपेटीनं लावलेली असते. गर्दी फारच असली तर मशाल थेट लायटरनंच पेटते. म्हणजे वर ओढलेली काडी चालते आणि घाटात ओढलेली चालत नाही. कंपनी एकच, काडेपेटी कदाचित एकाच डझनातली. आगीच्या कुळाचा शोध घेत मागे गेलं तर शेवटी किराणा दुकानच लागतं.

याज्ञिकांना ही अडचण जुनीच आहे आणि त्यांनी ती फार कसोशीनं सोडवली. त्यांच्या लेखी चुलीतला अग्नी लौकिक. आधान झालं, संस्कार झाला, की तो श्रौत अग्नी. अश्वत्थाच्या अरणी घुसळून तो काढायचा आणि गार्हपत्य म्हणून अखंड जपायचा. आहवनीय पेटवायचा तो त्या गार्हपत्यातूनच घेऊन. घाटातल्या मंडळाचा टेम्पोतला कंदील म्हणजे त्यांचा गार्हपत्यच झाला. नाव ठाऊक नसताना पोरांनी रचना तीच केली. पण याज्ञिकांची खरी कमाल पुढे आहे. अग्निहोत्र्याला घर बदलायचं असेल तर त्यानं आग हातात घेऊन जायचं नाही. समारोपण नावाचा विधी आहे: अरणी अग्नीवर तापवायच्या, मंत्र म्हणायचा, आणि अग्नी त्या लाकडांत उतरला असं मानायचं. काही जण तो श्वासाबरोबर स्वतःतच घेतात. मग ज्वाला नसलेली, थंड लाकडं बरोबर घेऊन प्रवास करायचा आणि मुक्कामी घुसळून तोच अग्नी पुन्हा बाहेर काढायचा. महाराष्ट्रात आजही श्रौत अग्नी सांभाळणारी मोजकी घराणी आहेत, त्यांच्या लेखी हा व्यवहार रूपकाचा नाही. ज्वाला अदृश्य झाली म्हणजे अग्नी तुटला असं नाही. तो कुणी, कशात, काय म्हणून ठेवला हे ठाऊक असलं म्हणजे पुरे. माळशेजच्या वळणावर हे कळलं असतं तर एखाद्यानं मशालीची दांडीच अरणी मानून पुढचे पाच मैल निवांत धाव घेतली असती. पण मग मशालीची मजा गेली असती, हेही खरं.

पारशांचा इराणशाह हा पवित्र अग्नी अगदी उलट वाटेनं गेला. संजाणवर हल्ला झाल्यावर दस्तुरांनी तो अग्नी उचलला आणि पालघर जिल्ह्यात, बोर्डी-घोलवडच्या मागच्या बाहरोट डोंगरावरच्या गुहांत नेऊन ठेवला. परंपरा सांगते की तिथे तो बारा वर्षं होता. तिथून वांसदा, नवसारी, सुरत, वलसाड असे मुक्काम करत १७४२ मध्ये उदवाड्याला आला आणि आजही तिथे आहे. बाहरोटची चढण सोपी नाही. पावसाळ्यात त्या कातळात कोरड्या लाकडाचा साठा राखणं म्हणजे काय, हे डोंगरात रात्र काढलेल्यालाच कळेल. असा सर्वोच्च दर्जाचा अग्नी, आतश बेहराम, सिद्ध करण्याची रीत तर थक्क करणारी आहे. सोळा ठिकाणच्या आगी गोळा करतात, त्यांत वीज पडून लागलेली असते, कुंभाराच्या भट्टीची असते आणि चितेचीही असते. जळत्या आगीवर भोकं असलेल्या पळीत चंदनाचा भुगा नुसता धरायचा, ज्वालेला टेकवायचा नाही. उष्णतेनं तो आपोआप पेटला की ही नवी आग. तिच्यावर पुन्हा तसंच. चितेच्या आगीसाठी हे ९१ वेळा. म्हणजे या परंपरेत आग शुद्ध होते ती स्पर्श टाळून, अंतर ठेवून दिल्या-घेतल्यामुळे. मूळ कुठलं, याला इथे जवळजवळ महत्त्वच नाही, चितासुद्धा चालते. महत्त्व आहे ते प्रत्येक देण्या-घेण्याला, आणि ते मोजलं जातं.

माँट्रियलच्या ऑलिंपिकवाल्यांना हे ऐन मैदानात शिकावं लागलं. १९७६ साली ग्रीसमधून ज्योत कॅनडाला न्यायची होती. अथेन्समध्ये ज्वालेतल्या विद्युतभारित कणांचा संकेत करून तो उपग्रहाकडे पाठवला आणि ओटावात लेसरनं दुसरी मशाल पेटवली. समुद्र ओलांडून आग अशी गेली की वाटेत आग नव्हतीच. समारोपणच म्हणा हवं तर, मंत्राच्या जागी उपग्रह. त्याबद्दल कुणी फारसं कुरकुरलं नाही. खेळ सुरू झाल्यावर काही दिवसांनी पावसानं स्टेडियममधली ज्योत विझली आणि तिथल्या एका कर्मचाऱ्यानं खिशातला सिगारेटचा लायटर काढून ती भाबडेपणानं पेटवली. आयोजकांना कळताच त्यांनी ती ज्योत मुद्दाम विझवली आणि राखून ठेवलेल्या मूळ ज्योतीवरून पुन्हा लावली. लेसर चालला, लायटर चालला नाही. त्या कर्मचाऱ्याकडून अपमान झाला नव्हता, उलट त्याची तत्परता वाखाणण्यासारखी होती. चूक इतकीच की ती आग त्याला कुणी दिलेली नव्हती.

हाच धागा धरून जुन्नरला परत आलं तर शिवनेरीच्या कड्यातली बौद्ध लेणी लागतात. खालून मशाली घेऊन चढणाऱ्यांचं तिकडे सहसा लक्ष जात नाही. जुन्नर परिसरातल्या लेण्यांत यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांचे शिलालेख आहेत. नाणेघाटातून चालणाऱ्या व्यापाराचा तो काळ. आणि यवन राजा मिलिंद व बौद्ध भिक्षू नागसेन यांच्यात ‘तीच की दुसरी’ याच प्रश्नावर झालेला सगळ्यात नामांकित संवाद म्हणजे ‘मिलिंदपञ्ह’. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या मिलिंद महाविद्यालयाचं आणि त्याच्या नागसेनवन परिसराचं नाव याच दोघांवरून आलं.

मिलिंद राजा विचारतो, पुनर्जन्म घेणारा तोच असतो की दुसरा? नागसेन दिव्याचा दाखला देतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच नाही म्हणावं तर दुसरीही म्हणता येत नाही; एकीतून एक असा प्रवाह आहे. इथवर बहुतेकांना ठाऊक असतं आणि ज्योत-दौडीच्या भाषणांत तेवढंच वापरता येईल. त्याच ग्रंथात आणखी एक दाखला आहे आणि घाटाच्या दृष्टीनं तो जास्त कामाचा. थंडीत शेकायला एकानं शेतात आग पेटवली, न विझवता निघून गेला, आणि ती पसरत दुसऱ्याचं शेत जाळून गेली. पकडल्यावर तो म्हणाला, मी लावली ती आग वेगळी, ज्यानं शेत जळलं ती वेगळी. राजा काय करील? राजा मिलिंद म्हणतो, दंड करीन. आग तीच नाही हे मान्य करूनही जबाबदारी तीच राहते, कारण नंतरची आग आधीच्या आगीतूनच आली.

फेब्रुवारीत माळशेजचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. मशालीतून पेटती चिंधी गळून कडेच्या गवतात पडली तर नागसेनाचा दाखला तासाभरात वणवा होऊन समोर येईल. म्हणूनच शहाण्या मंडळांत टेम्पोच्या मागे एक दुचाकी पाण्याची बाटली आणि ओलं पोतं घेऊन चालते. ज्योत पुढे नेणं आणि गळालेली ठिणगी विझवणं ही एकाच कामाची दोन टोकं असल्याचं त्या दुचाकीस्वाराला पुस्तक न वाचता कळतं. उलट ज्या मंडळाच्या टेम्पोवर कानठळ्या बसवणारी स्पीकरची भिंत लावलेली असते आणि पळणाऱ्यांपेक्षा नाचणारे जास्त असतात, तिथे ही जाण शोधायला जाऊ नये. महामार्गावर रात्री ज्योत घेऊन धावणाऱ्यांना गाड्यांनी ठोकरल्याच्या बातम्या दर दोन-चार वर्षांनी येतात, त्यांत अंधार जितका असतो तितकी बेफिकिरीही.

हात बदलताना नीट बघितलं तर एक गोष्ट दिसते. देणारा धावतच असतो, घेणारा आधीच पुढे धावू लागलेला असतो. दांडी क्षणभर दोघांच्या मुठीत असते. “धरली?” “धरली!” हे कानावर पडेपर्यंत देणारा मूठ सैल करत नाही. मग तो कडेला होतो, गुडघ्यांवर हात टेकतो, आणि त्याच्या अंगावरचं ओझं खरोखर उतरलेलं दिसतं. पुढच्या वळणावर ज्योत विझली तर त्याला कुणी विचारणार नाही. ज्याची मूठ, त्याची ज्योत. काडी ओढण्यात जे खटकतं ते इथे सापडतं: काडीनं पेटलेल्या ज्योतीच्या मागे ‘धरली’ म्हणणारी माणसांची रांग नसते. कंदिलाच्या मागे असते, कारण कुणीतरी तो गडापासून मांडीवर धरून बसलेला असतो. वर गडावर ओढलेली काडी चालते, कारण रांग तिथून सुरू करायची असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं आणि तेव्हा सगळे हजर असतात. मागून येणाऱ्या मंडळाकडून ज्योत मागून घेणं हाही मग चांगला मार्ग ठरतो, फक्त मोठेपणा थोडा गिळावा लागतो.

शंकराचार्यांना हे पटलं नसतं. ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात, दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, ते क्षणिकवाद्यांना कोंडीत पकडतात. ज्योत क्षणाक्षणाला नवी असेल, सारखेपणामुळे एक भासत असेल, हे एक वेळ चालेल; पण कालची आणि आजची सारखी आहे असं म्हणणारा तरी दोन्ही वेळा तोच हवा ना? स्मरण करणाराही क्षणिक असेल तर ‘हे त्यासारखं’ असं म्हणायला कुणी उरतच नाही. दौडीला हे नेमकं लागू पडतं, कारण धावणाऱ्यांपैकी एकालाही सगळी वाट दिसत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तुकडा, मग टेम्पोत डुलकी, मग पुन्हा तुकडा. ज्योत गडापासून गावापर्यंत अखंड आली, हे शपथेवर सांगू शकणारा एकच माणूस असतो. टेम्पोचा ड्रायव्हर. तो रात्रभर जागा, पहिल्या गिअरमध्ये, डोळे ज्योतीवर. वेदान्ताला लागणारा साक्षी तो हाच: सगळं पाहतो, करत काहीच नाही, आणि सकाळी हारही त्याच्या गळ्यात पडत नाही. फरक एवढाच की हा साक्षी भाड्याचे पैसे घेतो आणि चहासाठी थांबण्याचा हट्ट धरतो.

मग सरळ टेम्पोतच ज्योत का नेऊ नये? अंतर दोन-अडीच तासांचं, काचेचा कंदील, वाऱ्याची भीती नाही. तर्कानं याला उत्तर नाही, पायांना मात्र आहे. उतारावर हात लांब ठेवून मशाल धरली की खांदा दोन मिनिटांत भरून येतो. डिझेलचा धूर डोळ्यांत, गरम थेंब मनगटावर. जोरात पळावं तर ज्वाला मागे झोपते आणि मरायला टेकते. हळू पळावं तर पुढचा माणूस वाट बघत गारठतो. शेवटी वेग ज्योतच ठरवते आणि माणूस तिच्या ऐपतीनं पळायला शिकतो. अथेन्सच्या जुन्या मशाल-शर्यतीचा नियम पॉसेनियसनं लिहून ठेवलाय: अकादमीतल्या प्रोमिथियसच्या वेदीपासून शहराकडे धावायचं, पहिल्याची मशाल विझली असेल तर मान दुसऱ्याचा, त्याचीही विझली तर तिसऱ्याचा, सगळ्यांच्या विझल्या तर कुणाचाच नाही. नुसता चपळ तिथे हरत असे. मंडळात कसलेल्या धावपटूपेक्षा गडांवर पाणी वाहून नेलेला एखादा थोराड पोरगा घाटातला टप्पा सांभाळतो, त्यामागचं कारण तेच.

मूळ आणि प्रत यांचं नातं किती उलटं होऊ शकतं, याचा दाखला जपानातल्या हिएई डोंगरावर आहे. तिथल्या एनर्याकु-जी मठात साइचो या भिक्षूनं ७८८ साली लावलेला धर्मदीप अखंड मानला जातो. १५७१ मध्ये ओदा नोबुनागानं अख्खा डोंगर जाळला, तेव्हा तो दीप गेला. पण त्यापूर्वी त्याच दिव्यावरून लावलेली एक ज्योत दूर उत्तरेला यामादेरा इथल्या डोंगरातल्या मठात नेलेली होती, ती तेवत राहिली. मठ पुन्हा उभा राहिला तेव्हा ज्योत तिथून परत आणली. आज हिएईवरचा दिवा आठव्या शतकातला म्हणून दाखवतात आणि त्यात लबाडी काही नाही. ज्यानं दिलं त्यालाच एक दिवस घ्यावं लागलं, आणि घेण्यामुळे त्याचं मूळपण गेलं नाही. नागसेन आणि याज्ञिक इथे एकाच बाजूला बसले असते.

आपल्याकडच्या ज्योतींना इतकं आयुष्य मिळत नाही. शिवजयंतीला ज्योत वेशीवर येते, बाया पायांवर पाणी घालतात, औक्षण होतं, पुतळ्यासमोरचा दिवा तिच्यावर लागतो. मशाल बादलीतल्या वाळूत खोचली जाते. दुपारी मिरवणुकीच्या गडबडीत तो दिवा केव्हातरी विझतो आणि ज्या पोरांनी घाटात त्यासाठी भांडण काढलं होतं त्यांनाही पत्ता नसतो. नवरात्राची गोष्ट निराळी. घटस्थापनेसाठी तुळजापूरहून किंवा सप्तशृंगी गडावरून आणलेल्या ज्योतीला नऊ दिवस तेवायचं असतं, म्हणून मंडपात रात्रीच्या पाळ्या लागतात. काजळी झाडायची वेळ आली की जाणती बाई आधी त्याच ज्योतीवर दुसरी वात लावून घेते, मगच पहिलीला हात लावते. तिला विचारा, दोन्ही ज्योती एकच का. ती तुमच्याकडे बघेल आणि तेल आणायला सांगेल.

मंडळाच्या हिशोबाच्या वहीत मात्र सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं. टेम्पोभाडं, डिझेल, केळी, टी-शर्ट, आणि सगळ्यात खाली, कंदील एक. पुढच्या वर्गणीच्या बैठकीत त्या ओळीवर हमखास गाडी अडते. गेल्या वर्षीचा कंदील कुठे गेला, असं खजिनदार विचारतो. एक गट म्हणतो, कंदील बरोबर ठेवणं म्हणजे विझणार हे आधीच धरून चालणं. आपल्या पोरांवर विश्वास नाही का? दुसरा म्हणतो, माळशेजचा वारा तुमच्या पोरांना विचारून वाहत नाही. बैठक रात्री उशिरापर्यंत चालते, चहा दोनदा होतो, आणि बहुतेक वेळा कंदील मंजूर होतो, पण चांगल्या काचेचा घ्यावा असा ठराव करून.